स्टिरॉइडची गोळी, बेचाळिशीत मोतीबिंदू आणि ऑपरेशन: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

नात्यातले, बिल्डिंगमधले, ऑफिसातले सगळे तेच तेच विचारतात आणि मी फोनवर तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी नाशिकच्या सिडकोत राहते, अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं अकाउंट्स बघते. २०१४ पासून संधिवात आहे, म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात तो नाही, बोटं सुजवणारा आरए (रुमॅटॉइड आर्थरायटिस). तेव्हापासून स्टिरॉइडची गोळी कधी कमी कधी जास्त अशी चालूच आहे. गेल्या वर्षी ४२ व्या वर्षी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी डॉक्टर नाही, डोसबिस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण त्यांना नेमकं काय विचारायचं हे मला खूप उशिरा कळलं, ते तुम्हाला आधी कळावं एवढंच.

स्टिरॉइड म्हणजे ते जिमवाले घेतात तेच ना?

नाही हो. ते वेगळं, दंड फुगवायचं. आपलं हे कॉर्टिसॉलच्या जातीचं. किडनीच्या डोक्यावर अॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज थोडं थोडं कॉर्टिसॉल बनवतच असतात, साधारण ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीचं. आपण गोळी घेतो म्हणजे बाहेरून तेच जास्त प्रमाणात टाकतो. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी हे पहिल्यांदा दिलं ते संधिवाताच्याच एका तरुण बाईला, आणि जागेवरून हलता न येणारी ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० ला नोबेल मिळालं. साइड इफेक्ट्सची यादी मग हळूहळू वाढत गेली.

एवढं वाईट असतं तर डॉक्टर देतात कशाला?

सकाळी उठल्यावर मला ब्रशला पेस्ट लावता येत नव्हती. ट्यूब दाबली जायची नाही. मुलाच्या डब्याची पोळी मिस्टर लाटायचे आणि ती नाशिक जिल्ह्याच्या नकाशासारखी व्हायची. गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी माझी मी वेणी घातली. संधिवाताचं खरं औषध मेथोट्रेक्सेट, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, पण त्याचा गुण यायला दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात, तोपर्यंत स्टिरॉइडचा आधार. माझा आधार कायमचाच झाला, कारण डोस कमी केला की बोटं परत सुजायची, त्यात डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की माझी बोटं आधीच सांगायची.

साइड इफेक्ट काय काय झाले?

सगळ्यात आधी भूक. साधीसुधी नाही, रात्री दोनला उठून फ्रिज उघडून उभी राहायचे. रविवारी सगळे मिसळ खायला गेलो की माझी संपायची, मग मुलाच्या ताटलीतला पापड संपायचा. चेहरा गोल झाला, लोक म्हणायचे तब्येत छान सुधारली! झोप उडाली, कारण नसताना चिडचिड, डोस वाढला की तर रात्री अकराला कपाट आवरायला घ्यायचे. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची हे त्यासाठीच, संध्याकाळी घेतली तर झोपेची वाट लागते.

हे दिसणारं झालं. न दिसणारं जास्त महत्त्वाचं. हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन, शिवाय हाडं किती भक्कम आहेत ते बघायला डेक्सा स्कॅन करतात (त्या डेक्साचा आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या डेक्सा गोळीचा काही संबंध नाही, मी पण गोंधळले होते). बीपी वाढतं. मांड्यांचा जोर जातो, खाली बसून उठताना हाताचा टेकू लागायला लागला तर डॉक्टरांना सांगा. जांघेत सतत दुखत असेल तर नुसती पेनकिलर खात बसू नका, खुब्याचा रक्तपुरवठा बिघडतो कधीकधी. इन्फेक्शन पटकन होतं आणि तापही फारसा येत नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. २०२१ मध्ये काळी बुरशी आपल्याकडे किती जणांना झाली ते आठवत असेलच, स्टिरॉइड आणि वाढलेली शुगर ही जोडी तिथे होती.

शुगरचं एक खास सांगते. माझी उपाशीपोटीची नेहमी नॉर्मल, ९५, ९८. मी खूश. पण सकाळी गोळी घेतली की शुगर दुपारी चढते, उपाशीपोटी बघून ती सापडतच नाही. दुपारच्या जेवणानंतरची बघितली तर २६०. वर्षभर मी चुकीच्या वेळी तपासत होते.

आणि डोळे. दोन गोष्टी होतात, मोतीबिंदू आणि डोळ्यातलं प्रेशर वाढणं. पहिल्यात गेलेली नजर ऑपरेशनने येते. दुसऱ्यात, म्हणजे काचबिंदूत, गेलेली परत येत नाही. लोक मला फक्त मोतीबिंदूबद्दल विचारतात.

माझी तर अर्धाच मिलीग्रॅमची गोळी आहे, ती काय चालणार?

पाकिटावर नाव बघा. प्रत्येकाची ताकद वेगळी. प्रेडनिसोलोन ५ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, म्हणजे डिफ्लाझाकोर्ट ६, म्हणजे डेक्सामेथासोन फक्त पाऊण. गोळी बारीक आहे यावर जाऊ नका.

मग बंद का नाही करत सरळ?

केली होती. त्याचंच सांगते. २०१९ च्या मे महिन्यात एका लग्नात लांबच्या मावशींनी माझा चेहरा बघून सांगितलं की ते विष आहे, आजच्या आज सोड. मला पण चेहऱ्याचा वैताग आलेला, फोटो बघून रडले होते, सोडली. तेव्हा १० मिलीग्रॅम चालू होतं. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, वाटलं ऊन लागलं. चौथ्या दिवशी उलट्या. पाचव्या दिवशी सकाळी बाथरूममध्येच बसले, उठताच येईना, बीपी ८० च्या खाली. मिस्टरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथे आधी सलाईन लावून उलट्या-जुलाबाची ट्रीटमेंट सुरू केली, कारण मी कुठली गोळी घेते हे कोणी विचारलं नाही आणि ह्यांना नाव आठवेना. नणंद घरून रिकामं पाकीट घेऊन आली तेव्हा कुठे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं आणि तासाभरात मी पाणी मागितलं.

झालं काय होतं, तर बाहेरून इतकी वर्षं माल येतोय म्हटल्यावर त्या दोन ग्रंथींनी दुकान बंद केलेलं. पुरवठा अचानक तोडला तर त्यांना शटर उघडायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात, आणि शेवटच्या ५ मिलीग्रॅमच्या आसपास तर फारच हळू. तेव्हापासून पर्समध्ये एक कार्ड आहे, स्टिरॉइड चालू आहे, इतका डोस, इतक्या वर्षांपासून, अचानक थांबवू नये. ताप, उलट्या झाल्या की गोळी चुकवायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा, अशा वेळी उलट डोस वाढवावा लागतो.

अमुक ठिकाणची पुडी घे, त्यात स्टिरॉइड नसतं म्हणतात

कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि दुखणं दोन दिवसांत गायब? मग त्यात बहुतेक तेच असतं जे मी पाकिटातून घेते, फक्त मला डोस माहीत असतो आणि तुम्हाला नसतो. खऱ्या वैद्यांवर माझा राग नाही, बिन-लेबलच्या पुडीवर आहे. पुडी घेत असाल तरी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा, आणि तीही एकदम सोडू नका.

मोतीबिंदू स्टिरॉइडमुळेच झाला हे कशावरून?

मला दुपारी दिसायचं नाही आणि संध्याकाळी दिसायचं. खरंच. मुंबई नाक्याला दुपारी एकच्या उन्हात उभी राहिले की समोरून येणाऱ्या सिटीलिंक बसचा बोर्ड म्हणजे नुसता पिवळा धूर, बाजूच्या मुलीला विचारायचे बाळा ही कुठली गं. आणि तीच मी संध्याकाळी गॅलरीत बसून समोरच्या दुकानाची पाटी वाचायचे. मिस्टर म्हणाले तू सोयीने आंधळी होतेस. ऑफिसात एक्सेलमध्ये ६ आणि ८ सारखेच, दोनदा जीएसटीचा आकडा चुकला. रात्री स्कूटीवर पाथर्डी फाट्याकडून येताना समोरच्या गाडीचा दिवा फुटून सगळीकडे सांडल्यासारखा. चष्म्याच्या दुकानात आठ महिन्यांत तीनदा नंबर बदलून दिला, तीनदा पैसे घेतले, डोळ्यात दुर्बीण लावून कोणी बघितलं नाही. शेवटी कॉलेज रोडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, स्लिटलॅम्पवर, म्हणजे त्या डोळे बघायच्या दुर्बिणीवर, हनुवटी ठेवायला लावली, आणि पहिला प्रश्न: "स्टिरॉइड चालू आहे का?"

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वयाचा मोतीबिंदू बहुतेक वेळा भिंगाच्या गाभ्यात किंवा कडेने सुरू होतो. स्टिरॉइडचा भिंगाच्या मागच्या थरात, बरोबर मधोमध, जसं काचेवर कोणी फुंकर मारावी. पीएससी म्हणतात त्याला. उन्हात बाहुली बारीक होते, म्हणजे आपण नेमके त्या मधल्या डागातूनच बघतो. सांजेला बाहुली मोठी होते, डागाच्या बाजूने उजेड आत येतो. जवळचं वाचतानाही बाहुली आकसते, म्हणून ६ चे ८. मी घरी येऊन मिस्टरांना तो कागदच दाखवला.

दिवसाला १० मिलीग्रॅमच्या वर आणि वर्षभराहून जास्त अशांना धोका चांगलाच वाढतो, कमी डोसवर होतच नाही असं मात्र नाही. दम्याच्या पंपाने गोळीपेक्षा खूप कमी त्रास, त्यामुळे हे वाचून कोणी पंप फेकू नका, स्पेसर लावा आणि नंतर चूळ भरा.

गोळी कमी केली तर मोतीबिंदू विरघळेल का? ड्रॉप्स आहेत ना?

नाही. आणि नाहीत. मध तर डोळ्यात अजिबात घालू नका.

पिकेपर्यंत थांबायचं ना?

हे आमच्या आजेसासूबाईंच्या काळचं. त्यांचा सटाण्याच्या कॅम्पमध्ये काढला होता, आत लेन्स बसवली नाही, मग जन्मभर तो जाड भिंगाचा चष्मा, त्यातून त्यांचे डोळे बशीएवढे दिसायचे. खरं तर डोळ्यात बसवायची लेन्स १९४९ मध्येच लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी बसवली होती. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे तुकडे घुसलेले, आणि डोळा ते तुकडे मुकाट सहन करतोय हे त्यांच्या लक्षात आलेलं. आपल्या तालुक्यांच्या कॅम्पपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला एवढंच. आता कामाला अडचण यायला लागली की करतात. जास्त कडक झाला तर उलट काढायला अवघड.

ऑपरेशनआधी काय सांगायचं, काय विचारायचं?

स्टिरॉइडची गोळी त्या दिवशी चुकवू नका. पोट रिकामं ठेवायला सांगितलं असेल तर गोळी कधी घ्यायची ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, मी विचारलं, घोटभर पाण्यासोबत घ्या म्हणाले. शुगर आटोक्यात हवी, माझी तारीख त्या २६० मुळे तीन आठवडे पुढे गेली आणि मी चिडले होते, पण बरोबरच होतं. संधिवातवाल्यांचे डोळे कोरडे असतात, आणि कोरड्या डोळ्यावर लेन्सच्या नंबरचं माप चुकू शकतं, म्हणून मला आधी पंधरा दिवस अश्रूंसारखे थेंब टाकायला लावून मग माप घेतलं. मान दुखते, वीस मिनिटं उताणं झोपता येईल का, हे पण सांगा.

घरात पुरुषांना प्रोस्टेटची टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर सर्जनला सांगाच, आधी घेत होते आणि आता बंद आहे तरी सांगा. त्याने बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये मधे येतो, आधी माहीत असलं की ते तयारी ठेवतात. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. संधिवातासाठी एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) चालू असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी वेगळी असते, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मोतीबिंदूचं झालं म्हणजे तीही झाली असं नाही.

दुखतं का?

नाही. थेंबांनी बधिर करतात. चेहऱ्यावर हिरवं कापड, वर तीन पांढरे दिवे, त्यांच्याकडे बघत राहा म्हणाले. मग ते दिवे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले, मशीनचा बारीक आवाज, कानाच्या मागून थंड पाणी ओघळतंय. भोक तीन मिलिमीटरच्याही आत, टाका नाही. मला दिव्यांपेक्षा मानेचंच टेन्शन होतं, नर्सने खाली टॉवेलची गुंडाळी घातली. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर, दोन तासांनी घरी.

लेन्स कुठली घेतली? सगळ्यात भारी घ्यायची ना?

साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, लांबच्या नंबरची. मल्टिफोकलने चष्मा बराच सुटतो पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो, आणि ज्याला पुढे काचबिंदूची भीती आहे त्याने ते का घ्यावं, असं डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. भारी म्हणजे महाग नाही. जवळचं वाचायला चष्मा लागतो, लागू दे.

खर्च?

लेन्सवर अवलंबून. सरकारी दवाखान्यात अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोफत होतं, तो कार्यक्रम १९७६ पासून आहे, सिव्हिलला चौकशी करा. मेडिक्लेम असेल तर मोतीबिंदूसाठी वेटिंग पीरियड आणि रकमेची मर्यादा किती ते आधी वाचा, बिल झाल्यावर नाही.

नंतर पथ्य काय?

खाण्याचं काहीच नाही. भात चालतो, आंबट चालतं, सासूबाईंनी महिनाभर चिंच बंद केली ती त्यांची श्रद्धा. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही, रात्री प्लॅस्टिकची ढाल चिकटवून झोपायचं. डोक्यावरून आंघोळ माझी दोन आठवडे बंद. रामकुंडात डुबकी किंवा स्विमिंग महिनाभर तरी नको. आणि नाशिककरांसाठी खास, रंगपंचमी. मार्चमध्ये ऑपरेशन असेल तर तारीख बघून घ्या, रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणारे आपण नसलो तरी शनि चौकाच्या आसपास नुसतं उभं राहिलं तरी अंगावर रंग येतोच. मी गॅलरीत पण गेले नाही.

डोळा दुखायला लागला, लाली वाढली, चिकट पाणी यायला लागलं किंवा आलेली नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. स्टिरॉइडवाल्यांनी तर नाहीच.

काही महिन्यांनी, वर्षांनी परत धूसर वाटलं तर घाबरू नका, लेन्समागची पिशवी पांढरी होते, याग लेसरने पाच मिनिटांत साफ करतात.

ड्रॉप्सचं एवढं काय? टाकायचे थेंब

इथेच माझी खरी परीक्षा झाली. नंतरच्या थेंबांत एक अँटिबायोटिक आणि एक, हसू नका, स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनचं. आतली सूज उतरवायला ते लागतंच. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी. ती बाटली ठेवून दिली की औषध तळाला पांढरं बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं, नीट हलवली नाही तर आपण पाणीच टाकतो. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. माझ्या बोटांना ती कडक बाटली दाबली जायची नाही, दाबली तर थेंब गालावर. मग मुलगा टाकायचा, सातवीतला, शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, मधले मिस्टर. त्याने कॅलेंडरवर चौकोन करून ठेवले होते, मी एक थेंब बुडवला की लाल पेनाने फुली.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेले. नजर उत्तम, सिटीलिंकचा बोर्ड भर उन्हात वाचला होता मी, त्याच आनंदात होते. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, २८. नॉर्मल साधारण १० ते २१. काही दुखत नव्हतं, काही दिसत नव्हतं असं नव्हतं, काहीच लक्षण नाही. काही लोकांचा डोळा स्टिरॉइडच्या थेंबांना असा उत्तर देतो, मी त्यातली निघाले. लगेच थेंब बदलून सौम्य दिले, वर प्रेशर कमी करायचे वेगळे सुरू केले (दमा असेल तर सांगायचं, त्यातल्या टिमोलॉल नावाच्या थेंबाने दमा उसळतो), दोन आठवड्यांत १७ वर आलं. त्या दिवशी मी कंटाळा करून गेले नसते तर? दिसतंय की छान, कशाला जायचं, असं आदल्या रात्री म्हणाले पण होते. आता दर तीन महिन्यांनी प्रेशर बघते, वहीत तारीख आणि आकडा लिहिते, दोन्ही डोळ्यांचा. उजव्यालाही मोतीबिंदू सुरू झालाय, त्याचं दिवाळीनंतर बघू.

ते ड्रॉप्स उरले असतील तर आमच्या पोराला चालतील का?

हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या ताईंनी खरंच विचारला. मुलगा नऊ वर्षांचा, दर उन्हाळ्यात डोळे लाल, खाज, चोळून चोळून बेजार. अॅलर्जी. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एक ड्रॉप लिहून दिलेला, त्याने एका दिवसात बरं वाटलं, तेव्हापासून मेडिकलमधून बाटली संपली की दुसरी. मी बाटली मागवली, वर लिहिलेलं वाचलं, डेक्सामेथासोन. बाटली उरलेली तर दिली नाहीच, त्यांना म्हटलं पोराचं प्रेशर कधी मोजलंय का. म्हणाल्या, अहो एवढ्याशा पोराला कसलं बीपी.

शनिवारी मीच घेऊन गेले दोघांना. प्रेशर ३४ निघालं. चष्म्याचा नंबर नाही, नजर सहा बाय सहा, पोरगं वेटिंगमध्ये मोबाईलवर क्रिकेट खेळत होतं.